घणोबा आणि विसरलेल्या किल्ल्या

एका राज्यात शिपाई लोखंडाचे होते आणि राजा मेणाचा होता. मेणाचा म्हणजे अगदी मेणाचा नव्हे. हाडामांसाचाच, पण हात असे मऊ की भाकरीचा तुकडा मोडायलाही सेवक लागे. नाव मात्र वज्रबाहू! आत्याबाईने बारशाला ठेवले, तिला बिचारीला काय ठाऊक पुढचे.

शिपायांची कथा अशी. शत्रू वेशीला भिडला तेव्हा अंगारमाय नावाच्या जादूगार लोहारणीने आपल्या भट्टीत शंभर योद्धे घडवले. त्यांच्या पोटात पोलादी कमान गुंडाळलेली होती आणि पाठीत किल्लीचे भोक होते. किल्ली पिळली की कमान आवळे, आणि योद्धा दिवसभर चाले, बोले, लढे, विचारही करी. पण स्वतःची किल्ली स्वतःला देता येत नसे, कारण हात पाठीमागे पोचत नसे. म्हणून रोज पहाटे सारे रिंगण धरून उभे राहत, जो तो आपल्या पुढच्याला किल्ली देई आणि ओवी म्हणे. ओवी पुरी होईपर्यंत किल्ली थांबवायची नाही, हा अंगारमायचा नेम होता.

फिर गं किल्ली, हळू फिर,
लोहाच्या जिवा दे गं धीर;
पाठ ज्याची तो मागे न पाहे,
मागे माझाच भाऊ आहे.

शंभरांनी राज्य वाचवले. दसऱ्याला भर दरबारात राजाने शपथ घेतली, “दर शस्त्रपूजेला या शंभरांना किल्ली मी माझ्या हाताने देईन.” किल्ल्यांना चांदीच्या मुठी बसल्या, मुठींवर माणके जडली. पहिल्या दसऱ्याला राजाने किल्ल्या फिरवल्या, तळहात लाल झाले, राणीने लोणी चोळले. पुढच्या दसऱ्याआधी उजळायला म्हणून किल्ल्या गोळा केल्या, त्या परत आल्याच नाहीत. विचारले तर उत्तर मिळाले, “हरवल्या.” शंभरांपैकी नव्व्याण्णव योद्धे जिथे उभे होते तिथेच हळूहळू थांबले. मग कोणी त्यांच्या मुठीत पलिते खोचले आणि त्यांचे दीपस्तंभ झाले. कोणी त्यांच्या गळ्यांना दोर बांधून धोतरे वाळत घातली. गरज सरो, वैद्य मरो, असे म्हणतात. इथे तर वैद्याच्या खांद्यावर धुणे वाळत होते!

एकटा घणोबा वाचला. किल्ल्या गोळा झाल्या त्या दिवशी तो सीमेवरच्या चौकीवर होता, म्हणून त्याची किल्ली त्याच्या गळ्यातच राहिली. तो परतला आणि त्याने आपले सोबती पलिते धरून उभे पाहिले. लोखंडाला रडता येत नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या छातीत जी धग पेटली ती विझली नाही. पागेतले मोतद्दार त्याला आळीपाळीने किल्ली देत, आणि राजाने घडवून घेतलेल्या नव्या योद्ध्यांना तो लढाई शिकवी.

हे नवे योद्धे म्हणजे उतावळ्यांचा बाजार. चकचकीत अंगाचे, पायात वारा भरलेले. रिंगणात उभे राहून किल्ली घेण्याची त्यांना लाज वाटे. भिंतीतल्या खुंटीला किल्ली अडकवून ते स्वतःच गरगर फिरत आणि कमान अर्धी आवळली की पळत सुटत. ओवी वगैरे कोणी म्हणायची? त्यांच्यात तेगा नावाची पोर सगळ्यांत तेज आणि भालसेन सगळ्यांत दांडगा.

“अर्धी कमान अर्ध्या वाटेवर दगा देते,” घणोबा सांगे.

“वस्ताद, अर्ध्या वाटेत आमची लढाई जिंकून होते,” तेगा म्हणे.

इकडे राज्यात गंज शिरला. आधी विळ्या गेल्या, मग तवे, मग नांगरांचे फाळ. कडी ओढली की हातात लाल भुकटी येई. राजमांत्रिक धूम्रलोचनाने डोळे मिटले आणि सांगितले, “पलीकडच्या डोंगरात शापित खजिना आहे, माणकांनी भरलेली पेटी. ती आणली तर शाप उतरेल.” राजाने मान डोलावली. त्या पेटीत काय आहे हे राजालाच ठाऊक असायला हवे होते, कारण ती ठेवली त्यानेच होती. पण राजेलोकांची विस्मृती मोठी सोयीची असते.

राजाने घणोबाला बोलावले. “दसऱ्यापर्यंत पेटी आण. नाहीतर अंगणातले ते जुने लोखंड गंजून वाया जाण्याआधी वितळवू. त्यातून शौर्याचा मोठा पुतळा ओतायचे ठरले आहे.”

“शौर्य अंगणात उभेच आहे, महाराज,” घणोबा म्हणाला.

“पुतळा अधिक शोभेल,” राजा म्हणाला.

घणोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याने मुजरा केला, तेगा आणि भालसेन यांना बरोबर घेतले आणि तो निघाला. नव्व्याण्णव सोबत्यांचे जीव त्या पेटीवर टांगलेले होते.

डोंगराच्या खिंडीत दगडी दार होते आणि दारावर एक साळुंकी बसली होती. ती अंगारमायच्या भात्यावर बसून वाढलेली, म्हणून माणसासारखी बोले. ती म्हणाली, “माझे बोलणे पुरे ऐकेल त्याला दार उघडेल. ऐका. ज्या राजाला किल्ली जड झाली, त्याच्या राज्यात लोखंड मातीला मिळेल...”

“ठाऊक आहे, ठाऊक आहे!” भालसेन ओरडला. “दार उघड.”

साळुंकीने पिसे झटकली. “पुन्हा पहिल्यापासून. ज्या राजाला किल्ली जड झाली...”

“बाई गं, मुद्द्याचे बोल,” तेगा म्हणाली.

“पुन्हा पहिल्यापासून.”

घणोबा खाली बसला. दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्याने त्यांनाही खाली बसवले. साळुंकी बोलू लागली. तिने लोहारणीची भट्टी सांगितली, शपथ सांगितली, फोडांच्या भीतीने आणि माणकांच्या मोहाने राजाने किल्ल्या पेटीत घालून डोंगरात दडवल्याचे सांगितले. सूर्य माथ्यावरून उतरला. शेवटी ती म्हणाली, “ज्या हाताने शपथ घेतली, त्याच उघड्या हाताने किल्ल्या फिराव्या, ओवी पुरी व्हावी. तेव्हा गंज उतरेल.”

“राजाचे दूत इथवर आले नव्हते का?” तेगाने विचारले.

“आले होते. सगळे अर्ध्यातून उठून गेले.”

घणोबा उठला तेव्हा त्याचे सांधे करकरले. “हरवल्या म्हणाले मला,” तो म्हणाला. “तोंडावर सांगितले, हरवल्या! आणि मी इतकी वर्षे अंगणातली माती चाळली.” तेगाने त्याला असे बोलताना कधी ऐकले नव्हते. दार उघडले.

पुढे खारी नदी होती, लोखंड खाणारी. तिच्यावर वेलींचा पूल होता, जो सावकाश चालणाऱ्याला पेलून धरी आणि धावणाऱ्याला झुलवून फेकी. भालसेन चार ढांगांत पार व्हायला निघाला. पूल झुलला, तो वेलींना लटकला, आणि तेवढ्यात त्याची अर्धी कमान संपली. नदीच्या मध्यावर त्याचे डोळे विझले. मुठी आवळलेल्या होत्या म्हणून तो पडला नाही इतकेच.

“सोडा त्याला, वस्ताद,” तेगा म्हणाली. “दसरा जवळ आला आहे. एकापायी नव्व्याण्णव जातील.”

घणोबाने तिच्याकडे पाहिले. “थांबला तो टाकून द्यावा, हेच तर राजा म्हणाला होता, पोरी. शब्द वेगळे होते.”

तो एकेक पाऊल टाकीत पुलावर गेला. डाव्या हाताने वेल धरली, उजव्याने भालसेनच्या गळ्यातली किल्ली काढून त्याच्या पाठीत घातली. नदीने उसळी मारली, खारे पाणी डाव्या हातावर आले. घणोबाने ओवी म्हटली, पुरी म्हटली, आणि तोवर किल्ली थांबवली नाही. भालसेनचे डोळे उजळले तेव्हा घणोबाचा डावा पंजा गंजून गळून नदीत पडला होता.

भालसेनने काही बोलायला तोंड उघडले.

“हळू चाल,” घणोबा म्हणाला. “बोलायचे ते पलीकडे गेल्यावर बोल.”

तिसऱ्या ठिकाणी गुहा होती. गुहेत पेटी होती, आणि पेटीला वेटोळे घालून पांढरा नाग बसला होता. भालसेनचा हात शस्त्राकडे गेला आणि त्याने तो स्वतःच मागे घेतला.

नाग म्हणाला, “किल्ली हवी तर ज्याची किल्ली त्याचे नाव सांगा. नाव नाही तर किल्ली नाही.”

“राजा आला असता तर?” तेगाने विचारले.

“एक तरी नाव सांगता आले असते का त्याला?” नाग म्हणाला.

घणोबा पेटीसमोर बसला. “काळोजी, जो वेशीच्या दारात आडवा पडला म्हणून दार टिकले.” नागाने एक किल्ली बाहेर टाकली. “रुंजाजी, जो पाय तुटल्यावर गुडघ्यांवर लढला. सटवा, जो पहाऱ्यावर बेसूर गाई. मल्लाप्पा, ज्याने शत्रूचे तान्हे पोर ढालीत घालून बाहेर काढले.” नावामागून नाव येत गेले, किल्लीमागून किल्ली पडत गेली. तेगा त्या किल्ल्या वेचत होती. ज्यांच्या अंगावर वाळणारी धोतरे तिने येता-जाता पाहिली होती, त्यांना नावे होती हे तिला आज कळत होते, आणि तिची मान वर होईना.

एकच किल्ली उरली. घणोबाचा आवाज मंदावत गेला. “आणि तो... रोज पहाटे माझ्या पाठीमागे असे. त्याचा चेहरा मला पहाटे कधी दिसला नाही, हात तेवढा कळे... नाव... नाव...” त्याचे डोळे मिणमिणले. कमान संपत आली होती.

“नाव नाही तर किल्ली नाही,” नाग म्हणाला.

तेगा त्याच्या पाठीमागे गेली. त्याच्या गळ्यातली किल्ली तिने त्याच्या पाठीत घातली. आयुष्यात पहिल्यांदा तिने घाई केली नाही. घणोबाच्या तोंडचे ओवीचे शब्द तिने रोज कानाआड केले होते, तरी ते तिच्यात कुठेतरी राहिले होते. ‘मागे माझाच भाऊ आहे’ इथे ती पोचली आणि घणोबाने मान वर केली.

“येसबा,” तो म्हणाला.

शेवटची किल्ली खणकन खाली पडली.

दसऱ्याच्या दिवशी दरबार भरला होता. अंगणात भट्टी धगधगत होती, आणि काळोजीला दोरांनी बांधून तिच्याकडे ओढत होते. घणोबाने पेटी राजापुढे उपडी केली. राजाने वाकून पाहिले. “या तर जुन्या किल्ल्या!”

“आपल्याच आहेत, महाराज. आपणच दिल्या आणि आपणच कुलपात घातल्या.”

“बरे, बरे. सेवक फिरवतील.”

“सेवकांनी शपथ घेतली नव्हती.”

“हातमोजे तरी?” मांत्रिक मध्येच म्हणाला.

“उघडा हात लागेल,” घणोबा म्हणाला आणि त्याचा आवाज चढला. असा आवाज त्या दरबाराने कधी ऐकला नव्हता. “महाराज, आपल्या तळहाताला फोड येऊ नये म्हणून नव्व्याण्णव जण ऊनपावसात उभे राहिले! त्यांच्या मुठीत तलवारी होत्या, आपण पलिते दिले. आपल्या धोतराला वाळायला जागा मिळावी म्हणून का त्यांनी वेस राखली? पुतळा हवा म्हणता! लाज वाटली पाहिजे, महाराज. मला आपला शिपाई म्हणवायची वाटते आहे.”

“धरा याला!” राजा किंचाळला. पण भालसेनने आपला भाला जमिनीवर ठेवला, आणि त्याच्यामागून नव्या योद्ध्यांपैकी एकेकाने शस्त्र खाली ठेवले. तेवढ्यात सिंहासनाचा लोखंडी पाया गंजून मोडला आणि वज्रबाहू महाराज भुईवर आले. उचलायला कोणी पुढे झाले नाही. बसल्या जागेवरून राजाला प्रथमच अंगणातले योद्धे खालून दिसले, आणि ते फार उंच वाटले.

तो उठला. काळोजीचे दोर त्याने सोडले. त्याच्या खांद्यावर एक रेशमी धोतर अजून तसेच अडकले होते. ते राजाचेच होते. त्याने ते काढले, किल्ली पाठीत घातली आणि पिळली. काही झाले नाही.

“ओवी, महाराज,” तेगा म्हणाली.

राजाने दोन ओळी म्हटल्या आणि तो अडखळला.

“पुन्हा पहिल्यापासून,” तेगा म्हणाली. तिने त्याला एकेक ओळ सांगितली, उतावीळ न होता, चारदा, पाचदा. ओवी पुरी झाली तेव्हा काळोजीने पापण्या उघडल्या. गावात एका घरी चुलीवरचा तवा पुन्हा काळा झाला.

राजा एकामागून एकाकडे गेला. हाताला फोड आले, फुटले, किल्ल्यांच्या चांदीला रक्त लागले. राणी लोणी घेऊन आली; त्याने नको म्हटले. प्रत्येकाचे नाव तो घणोबाला विचारी आणि मगच किल्ली लावी. फाळ उजळले, कड्या घट्ट झाल्या, आणि राज्यातला गंज लाल धुळीसारखा उडून गेला.

शेवटची किल्ली येसबाची होती. ती फिरली तेव्हा घणोबा पलीकडे उभा होता. त्याच्या मनात येसबाशी बोलायचे कितीतरी होते. किती वर्षे गेली, काय काय झाले, हात कसा गेला, राग कसा जिरत नाही. राजा आपले रक्ताळलेले हात पुढे करून त्याला म्हणाला, “घणोबा, तू राहिलास. पाठ कर.”

येसबाने डोळे उघडले. मुठीतल्या पलित्याकडे त्याने नवलाने पाहिले, तो खाली टाकला, आणि राजाला हळूच बाजूला सारले. त्याच्या लेखी कालचीच पहाट चालू होती.

“वळ रे घणोबा,” तो म्हणाला. “तुझी किल्ली राहिली.”

घणोबा वळला. पाठीवर तो हात पडला, ओवी सुरू झाली, आणि छातीतली धग पहिल्यांदाच निवली. त्याने मागे पाहिले नाही.

दुसऱ्या पहाटे तेगा आणि भालसेन यांनी भिंतीतल्या खुंट्या उपटून टाकल्या. जुने-नवे सारे एकाच रिंगणात उभे राहिले. ज्यांनी ही कहाणी शेवटपर्यंत ऐकली, त्यांच्या घरचे लोखंड शाबूत राहो. जे मध्येच उठून गेले, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकावी.