मखमली गादीवरचा लॅपटॉप

एकदा एक वृद्ध विणकर होते. पैठणीचे काठ विणण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निम्मं गाव त्यांच्याच हाताखाली माग धरायला शिकलं होतं, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. या गुरुजींची दृष्टी मंदावत चालली होती. डॉक्टरांनी चैत्रातच स्पष्ट सांगितलं, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. दिवाळीपर्यंत रंग ओळखता आले तरी पुष्कळ म्हणायचं."

आता नजर जाणं हे दुःख आहेच, पण त्यात आणखी एक गोष्ट होती. गुरुजींच्या डोक्यात एकवीस काठ होते, आणि ते कुठल्याच कागदावर नव्हते. त्यांच्या घराण्यात नक्षी कागदावर काढण्याची रीतच नव्हती, बरं का! गुरूच्या शेजारी मागावर बसायचं, तो मोजील तसे धागे मोजायचे आणि पाठ करायचे. म्हणजे गुरुजींबरोबर ते एकवीस काठही जाणार, हे उघड होतं. गावाला याची हळहळ वाटे. पण हळहळ वाटून घेणं आणि काहीतरी करणं यात किती अंतर असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

करणारी एकच निघाली. गुरुजींची सर्वांत धाकटी शिष्या, शलाका. ती तालुक्याला जाऊन कॉम्प्युटरवर नक्षी काढायला शिकली होती. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही नुसते धागे सांगा, मी पडद्यावर चौकटी भरत जाते. रंग मात्र तुम्ही बघून सांगायचे. एकदा आत गेलं की हरवणार नाही."

"सगळे एकवीस?" गुरुजींनी विचारलं.

"सगळे. एकही सोडायचा नाही."

त्यासाठी तिने नवा कोरा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, डोळे झाकून न्या. विमान आहे विमान!" आणि विमान घरी आल्यावर त्याचं जे स्वागत झालं, ते आपल्याकडेच होऊ शकतं. शलाकाच्या आईने ओवाळलं, झाकणावर हळदकुंकू वाहिलं. वस्तू विद्येची, ती जमिनीवर कशी ठेवायची, चुकून पाय लागला तर? म्हणून तिने रात्रंदिवस खपून लाल मखमलीची, आत गच्च कापूस भरलेली गादी शिवली. चहूबाजूंनी धूळ बसू नये म्हणून गादीलाच उंच झालर लावली. कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक तर कोणी काढलंच नाही. अहो, आपल्याकडे सोफा जुना होतो, पण त्याचं प्लॅस्टिक निघत नाही! असा तो लॅपटॉप गुरुजींच्या पडवीत चौरंगावर विराजमान झाला.

आणि विमान धावपट्टीवरच बसलं.

पहिली दहा मिनिटं ठीक जात. मग नक्षीचं ते सॉफ्टवेअर अडखळू लागे. गुरुजी म्हणत, "सात हिरवे, दोन सोडून तीन जरीचे," आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरत राही. ते थांबेपर्यंत गुरुजींची मोजणी तुटे. पुन्हा पहिल्यापासून. त्यांना बरं दिसे ते सकाळचे दोन-तीन तासच, आणि ते तास त्या चक्राकडे बघण्यात जाऊ लागले. आठ दिवसांत अर्धा काठ झाला. शलाकाने सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, फोनवरून दुकानदाराशी भांडली. तो म्हणाला, "पाठवून द्या, महिन्याने परत देतो." महिना! तिच्याजवळ द्यायला महिना होताच कुठे?

नवव्या दिवशी भर बारा वाजता पडदा गोठला, आणि शलाकाचा धीर सुटला. ती हुंदके देत म्हणाली, "गुरुजी, मी तुम्हाला उगाच आशा लावली. हे यंत्रच नादान निघालं. माझ्याच्यानं नाही होणार."

गुरुजी चाचपडत चौरंगाजवळ आले. ज्यांना दिसत होतं ते सगळे आठ दिवस पडद्याकडेच बघत होते. गुरुजींनी लॅपटॉप किंचित उचलून खालून हात लावला, तळवा तसाच क्षणभर ठेवला, मग मखमलीवरून बोटं फिरवली. आणि हसून म्हणाले, "शलाका, आत जा आणि माझी ट्रंक आण."

ट्रंकेत सत्काराच्या शाली होत्या. गुरुजींनी एक शाल उलगडली आणि शलाकाच्या खांद्यांवर घातली. मग दुसरी. मग तिसरी. चैत्रातली दुपार, पडवीचे पत्रे तापलेले, आणि हे गृहस्थ तिला लोकरीत गुंडाळताहेत! पाच शाली झाल्यावर वर एक फेटाही चढवला.

"गुरुजी, हे काय?"

"तुझा मान करतोय. आता मुनिया काढ."

मुनिया म्हणजे काठावरचा चिमुकला पोपट. शलाका तो बोलता बोलता काढी. तिने पेन्सिल धरली, पण शालींच्या ओझ्याखाली कोपर उचलेना. फेट्याखालून घामाची धार डोळ्यांत उतरली. चोच वाकडी गेली, शेपटीवर घामाचा थेंब पडून कागद फुगला. तिला वाटलं, गुरुजी आपली थट्टा करताहेत, आणि तिला पुन्हा रडू यायला लागलं.

"काय गं, मुनिया येत नाही तुला?"

"येते हो! पण या सगळ्यात जीव घाबरा होतोय माझा."

"मग त्या बिचाऱ्याचं काय होत असेल?" गुरुजी म्हणाले. त्यांनी एकेक शाल हळूच उतरवली आणि आपल्या उपरण्याने तिचं तोंड पुसलं. "त्याच्या पोटाला हात लावून बघ, तापल्या तव्यासारखं झालंय. आत पंखा फिरतोय, मला ऐकू येतो. तो खालून हवा ओढतोय, आणि खाली आपण कापूस ठासलाय. ते नादान नाही, पोरी, ते घुसमटतंय. तुझ्या आईने माया केली, त्यात खोट नाही. पण माया करताना समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. नाहीतर आपण त्याला देव्हाऱ्यात बसवतो आणि मग म्हणतो, हा कामाचा नाही."

शलाकाने गादी काढली, प्लॅस्टिक टराटरा फाडलं, आणि जुन्या मागाच्या दोन लाकडी पट्ट्यांवर लॅपटॉप ठेवला. थोडा निवू दिला आणि सुरू केला. चक्र दिसलंच नाही! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अडलेला काठ पुरा झाला. शलाका आनंदाने पडवीभर नाचली, आणि गुरुजी "अगं, पट्ट्या पडतील, पट्ट्या पडतील," म्हणत राहिले. श्रावण लागेपर्यंत वीस काठ आत गेले.

एकविसावा मात्र अडला.

तो गुरुजींच्या गुरूंचा काठ. गुरुजी रोज सांगायला बसत आणि त्रेचाळिसाव्या धाग्याशी थांबत. पुढे काय, ते जिभेवर येईना. चार दिवस झाले, आठ झाले. नजर आणखी उतरली होती. "त्यांनी एवढ्या विश्वासानं दिला होता गं," गुरुजी म्हणाले, "आणि मी तो हरवला." ते म्हातारे डोळे पाण्याने भरले.

"गुरुजी," शलाकाने विचारलं, "तुम्ही मागावर शेवटचे कधी बसलात?"

"झाली की चौदा वर्षं. मंडळी माझा सत्कार करून म्हणाली, आता गुरुजींनी कष्ट कशाला करायचे? खुर्चीवर बसावं, सांगावं. मग बसलो."

शलाका त्यांच्याकडे बघतच राहिली. आपणही इतके महिने त्यांना त्याच खुर्चीवर उशी देऊन बसवत आलो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला मनापासून लाज वाटली.

"उठा गुरुजी. मागावर बसा."

"वेडी का काय! मला दिसत नाही, धागे तुटतील."

"तुटले तर जोडू. नजर माझी, हात तुमचे. उठा बघू."

तिने हाताला धरून त्यांना पडवीतल्या शिष्यांच्या मागावर बसवलं. पहिल्या ओळीत बोटं चाचपडली, दोन धागे तुटलेही. शलाकाने मुकाट्याने गाठ मारली. दुसऱ्या ओळीला हात जरा सैल झाले. तिसऱ्या ओळीला गुरुजींनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांचा श्वास संथ झाला. रेशमाची कांडी धाग्यांखालून जाऊ लागली, येऊ लागली. शलाका एक डोळा त्यांच्या बोटांवर ठेवून पडद्यावर चौकटी भरत होती. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

बोटं थांबली नाहीत.

ती चौकटी भरत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, साठ झाले."

गुरुजींच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी ओघळलं, पण हात चालूच होते. "बोलू नकोस," ते म्हणाले, "मोजत राहा."

आपल्या घरी ज्यांना आपण मोठ्या मानाने बसवून ठेवलं आहे, त्यांना आज एखादं काम सांगून बघा.