घट्ट दगडांचा गळका बांध

ही गोष्ट मी गेल्या अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दगडी बांध रचणाऱ्या तात्या झोरे यांच्याकडून ऐकली. त्यांनी ती आपल्या आत्याकडून ऐकली होती.

फार पूर्वी एका ओढ्यावरचा बांध गळू लागला. पाणी चढत होते. बांध फुटला असता, तर सारेच दगड वाहून गेले असते. एकच गलका झाला.

"मी घट्ट आहे हो, पण आपला बांध खिळखिळा झालाय!" थोरला दगड ओरडला.

"मीही घट्टच, दादा! बाकीच्यांचंच काही खरं नाही!" शेजारची लहानशी दगडी चीप म्हणाली.

शेवटच्या दगडापर्यंत सर्वांनी हेच सांगितले.

तेव्हा फटीत राहणारा खेकडा उसळी मारून बाहेर आला. "अरे, सगळे घट्ट, मग गळतंय कोण? माझ्या घरात येऊन बघा! पाणी तुमच्यातून नाही रे, दोघांच्या मधून जातंय. सरका की बोटभर!"

मग खरखर ऐकू आली, फटी मिटल्या आणि पाणी थांबले! खेकडा बेघर झाला, तरी नाचत होता.

आधी कोण सरकले, याची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही. तात्यांच्या म्हणण्यानुसार प्रत्येक दगड अजूनही सांगतो, "मी जागचा हललोसुद्धा नाही, सरकले ते बाकीचे!"