पुढच्या चाकाचा नट

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात निवृत्ती खरात नावाचा शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी राहत असे. त्याचा धंदा नजरेचा होता. शेळीचा ओठ वर करून दात बघायचे, कासेला हात लावायचा, चार पावले चालवून पाय लंगडतो का ते पाहायचे, आणि विकणारा काय सांगतो ते कानाआड करायचे. विशीत असताना एकाने त्याला मीठ चारून, पोटभर पाणी पाजून फुगवलेला बोकड विकला होता. घरी आणेपर्यंत बोकड निम्मा झाला. त्या दिवसापासून निवृत्तीने कोणाच्या शब्दावर काही घेतले नाही.

त्याची बायको हौसाबाई म्हणे, "तुम्ही देवळातला अंगारासुद्धा हुंगून लावता."

निवृत्तीला ती स्तुती वाटे.

बाजारोबाजार फिरून त्याची जुनी मोटारसायकल खिळखिळी झाली, तेव्हा त्याने तालुक्याच्या शोरूममधून नवी घेतली. विकणाऱ्याने सांगितले, गॅरंटी हवी असेल तर दोन वर्षे सर्व्हिसिंग इथेच करावे लागेल. निवृत्तीने मान डोलावली, पण मनात एक खडा पडला. जो आपल्याकडेच यायला लावतो त्याचा काहीतरी डाव असणार.

पहिल्या सर्व्हिसिंगला तो खडा मोठा झाला. पुढे काचेची भिंत, बसायला मऊ खुर्च्या, प्यायला गार पाणी. गाडी मात्र मागच्या शेडमध्ये नेली, आणि शेडच्या दारावर पाटी होती: 'ग्राहकांनी आत येऊ नये'. निवृत्तीने पाणी घेतले नाही. खुर्चीवर बसला नाही. दीड तास तो त्या पाटीकडे बघत उभा राहिला. त्याच्या बाजारात कोणी शेळीचे तोंड बांधून विकायला आणले असते, तर त्याने तिच्याकडे वळूनही पाहिले नसते.

गावात परतल्यावर स्टँडजवळ बाळू मिस्त्रीने त्याला हाक मारली. बाळूचे तिथे लहानसे गॅरेज होते.

"शोरूमला टाकली होती का गाडी? नवीन गाडीचा चांगला माल काढून घेतात आणि जुना बसवतात. तुम्हाला पत्ताही लागत नाही."

शोरूम निघाल्यापासून बाळूची गिऱ्हाइके कमी झाली आहेत, हे निवृत्तीला ठाऊक होते. तरी त्याने बाळूला एकही प्रश्न विचारला नाही. त्याला जे ऐकायचे होते तेच बाळू बोलत होता.

दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी निवृत्तीने शेळ्यांच्या शिंगांना खूण करायचा तांबडा रंग घेतला. काडीने गाडीच्या एकेका भागावर बारीक ठिपका दिला. बॅटरीवर एक, साखळीवर एक, प्लगवर एक, एअर फिल्टरवर एक. कुठे कुठे दिला ते हौसाबाईलाही सांगितले नाही.

गाडी परत मिळाल्यावर त्याने शोरूमच्या बाहेरच, रस्त्याच्या कडेला, गाडीचे झाकण काढले. बॅटरीचा ठिपका होता. साखळीचा होता. प्लगचा होता. एअर फिल्टरचा नव्हता.

निवृत्तीला राग आला, पण त्याहून जास्त समाधान वाटले. चोर सापडल्याचे समाधान. तो काचेचे दार ढकलून आत गेला आणि म्हणाला, "तुमच्या मोठ्या माणसाला बोलवा."

शेडमधून पन्नाशीचा एक माणूस हात पुसत बाहेर आला. तो तिथला फोरमन, अल्ताफ इनामदार. त्याने सगळे ऐकून घेतले.

"फिल्टर बदललाय," तो म्हणाला. "तुम्हाला दिलेल्या कागदावर लिहिलंय. वाचला का?"

निवृत्तीने कागद वाचला नव्हता. लिहून दिलेल्या गोष्टीवर त्याचा तसाही विश्वास नव्हता.

"या माझ्याबरोबर," अल्ताफ म्हणाला आणि पाटीचे दार उघडून त्याला आत घेऊन गेला. कोपऱ्यात काढलेल्या सुट्या भागांचे खोके होते. त्यातून त्याने एक फिल्टर काढला. त्यावर तांबडा ठिपका होता, आणि त्याच्या जाळीत शेळ्यांचे केस आणि धूळ नमद्यासारखी घट्ट बसली होती.

"गाडीवर शेळ्या नेता का?"

"नेतो."

"मग पुढच्या वेळी लवकर बदलावा लागेल. आणि हे बघा, तुम्हाला शंका असेल तर काम चालू असताना इथे उभे राहत जा. पाटी लहान मुलं आत शिरून त्यांना काही लागू नये म्हणून लावलीय."

निवृत्ती घरी आला. हौसाबाईला वाटले, आता तरी त्याचे मन शांत होईल. पण संशयी माणसाला पुरावा मिळाला की तो पुराव्यावर संशय घेतो.

"आरडाओरडा केला म्हणून दाखवलं," तो म्हणाला. "गप्प बसलो असतो तर दाखवलं असतं का? आणि एवढं गोड बोलायची गरज काय होती?"

त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला तो शेडमध्ये उभा राहू लागला. हाताची घडी, कपाळाला आठी. अल्ताफने त्याला कधी अडवले नाही. गाडीवर काम करणारा विलास नावाचा मेकॅनिक मात्र त्याच्यासमोर अवघडून जाई.

असे वर्ष गेले. पुढच्या चाकाचे बेअरिंग आवाज करू लागले म्हणून निवृत्तीने गाडी शोरूमला नेली. त्या दिवशी शेळ्यांचा मोठा बाजार होता. शेडमध्ये उभे राहायला वेळ नव्हता. तो गाडी सोडून बाजारात गेला आणि संध्याकाळी घाईघाईने घेऊन निघाला. वाटेत एका गतिरोधकावर पुढून 'टक' असा आवाज आला. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा आला.

निवृत्ती मनात म्हणाला, 'मी एक दिवस नव्हतो, तेवढ्यात काहीतरी करून ठेवलं. आता आवाज दाखवायला गेलो की नवीन काम काढतील.' आणि जायचे नाही असे त्याने ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईच्या भावाचा निरोप आला. आई तीन दिवस जेवली नाही, हौसाचे नाव घेते आहे. तिचे माहेर घाटाखाली होते. हौसाबाईने भाकरी बांधून घेतली, दाराला कडी घातली. निवृत्ती गाडी बाहेर काढत असताना त्याचा फोन वाजला.

"निवृत्तीभाऊ, अल्ताफ इनामदार बोलतोय. गाडी कुठे आहे तुमची?"

"का?"

"चालवू नका. काल तुमचं पुढचं चाक काढलं होतं. विलासला आत्ता आठवलं की नट हातानं लावला आणि तेवढ्यात त्याला दुसऱ्या कामाला बोलावलं. तो पान्यानं आवळला का नाही, त्याला खात्री नाही. चूक आमची आहे. गाडी आहे तिथे ठेवा, मी येतो."

"बरं," निवृत्ती म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

त्याच्या मनाने लगेच हिशोब मांडला. काल आवाज, आज फोन. आधी दुखणे लावायचे आणि मग औषध घेऊन दारात यायचे. ही चाल त्याने बाजारात शंभरदा पाहिली होती. सासूबाई तिकडे वाट बघत होत्या. त्याने गाडीला किक मारली.

"कोणाचा फोन होता?" मागे बसताना हौसाबाईने विचारले.

"कोणाचा नाही."

घाटाचे तोंड गावापासून मैलभर होते. तिथपर्यंत रस्ता सपाट पण खडबडीत. एका खड्ड्यात गाडी गेली आणि पुन्हा 'टक' आवाज झाला. या वेळी तो हौसाबाईनेही ऐकला.

"हे काय वाजलं?"

"काही नाही. त्या शोरूमवाल्यांची हातचलाखी." आणि मग आपण किती हुशार आहोत ते सांगावे म्हणून त्याने फोनची सगळी हकीगत तिला सांगितली.

हौसाबाईने ऐकले. घाटाचे पहिले वळण समोर दिसत होते. उजवीकडे खोल दरी होती.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"अगं, आई तिकडे..."

"आई माझी आहे. थांबवा."

निवृत्तीने गाडी कडेला घेतली. हौसाबाई खाली उतरली आणि भाकरीचे गाठोडे छातीशी धरून उभी राहिली.

"मला एक सांगा. तुम्ही इतकी वर्षं बाजार करता. एखाद्यानं तुम्हाला कधी आपण होऊन म्हटलंय का, की माझ्या शेळीत खोट आहे, नेऊ नका?"

निवृत्तीने गाडी स्टँडवर लावली.

"तुम्हाला त्याची चूक दिसली नव्हती. तुम्ही काही विचारलं नव्हतं. तो गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं? कळायला आपण दोघं उरलो असतो का?"

"डाव असेल," निवृत्ती म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"असेल. मग खाली बसून बघा की. सगळ्या जगाच्या शेळ्यांचे दात बघता, हा एक नट बघायला काय झालं?"

निवृत्ती गुडघ्यावर बसला. पुढच्या चाकाच्या मधोमध नट होता. त्याने पाना काढण्यासाठी गाडीच्या पेटीकडे हात नेला, पण त्याआधी सहज दोन बोटांनी नट धरून पाहिला.

नट फिरला.

त्याने आणखी फिरवला. बाटलीचे झाकण फिरावे तसा तो फिरत राहिला. शेवटचे दोनच आटे उरले होते. निवृत्तीने बोटे काढून घेतली आणि तिथेच मातीत बसला. खाली घाटाच्या रस्त्याने एक एसटी वर चढत होती, खेळण्याएवढी दिसत होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. हौसाबाई त्याच्याजवळ येऊन बसली.

मग निवृत्तीने फोन लावला. "अल्ताफभाऊ, मी घाटाच्या तोंडाशी आहे."

"गाडी चालवली?"

"होय."

"एकटेच आहात?"

"घरची मागे होती."

पलीकडे शेडचे दार उघडल्याचा आवाज आला. मग अल्ताफ म्हणाला, "हलू नका. निघालोच आहे."

तो आला तेव्हा त्याने आधी दोघांकडे पाहिले आणि मग चाकाकडे. नटाला हात लावताच त्याचा चेहरा पडला. त्याने चाक काढले, आस तपासला, चाक बसवले, नट आवळला, आणि मग मागचे चाक, ब्रेक, हँडल, सगळे एकेक करून पाहिले. झाल्यावर तो उठून उभा राहिला.

"माफी मागून हे भरून निघणार नाही," तो म्हणाला. "आवळलेला नट दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय आजपासून एकही गाडी शेडबाहेर जाणार नाही."

निवृत्तीने विचारले, "त्या विलासला आता काढून टाकणार ना?"

"नाही."

"एवढं होऊन?"

"त्यानं आपण होऊन सांगितलं. सकाळी आल्या आल्या, कोणी विचारलं नसताना. सांगणाऱ्याला काढलं, तर उद्या चूक झाल्यावर बाकीचे सगळे गप्प बसतील. मग तुम्हाला फोन कोण करणार?"

निवृत्ती खाली बघत होता. "मला फोन आला तेव्हा मी तुम्हाला चोर समजलो," तो म्हणाला. "म्हणून बायकोला मागे बसवून निघालो."

अल्ताफने पाना फडक्यात गुंडाळला. "तुम्हाला संशय यावा असंच काम कालचं होतं. तुमचा संशय चुकला नव्हता, फक्त माणूस ओळखायला तुम्ही चुकलात."

हौसाबाईने गाठोडे सोडून त्याला भाकरी आणि ठेचा दिला. त्याने उभ्याउभ्या खाल्ला. मग निवृत्ती आणि हौसाबाई घाट उतरून गेले. त्या दुपारी हौसाबाईच्या आईने लेकीच्या हातून चार घास खाल्ले.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बाळू मिस्त्रीने निवृत्तीला गाठले. "बघा, मी म्हणत होतो. जीव गेला असता. आता तरी शोरूम सोडा आणि माझ्याकडे या."

"येईन की," निवृत्ती म्हणाला. "आधी एक सांग. तुझ्या हातून आजवर काय काय चुकलं?"

"माझ्या हातून? काहीच नाही."

"मग नको," निवृत्ती म्हणाला आणि पुढे चालू लागला.

पुढच्या सर्व्हिसिंगला तो शोरूममध्येच गेला. कोणाच्या शब्दावर काही न घेण्याची त्याची सवय गेली नव्हती, आणि ती जावी असे हौसाबाईलाही वाटत नव्हते. तो नेहमीप्रमाणे शेडमध्ये उभा राहिला. फक्त या वेळी हाताची घडी नव्हती. विलासने काम संपवले, नट आवळला, आणि पाना निवृत्तीच्या हातात देऊन बाजूला झाला. निवृत्तीने वाकून नट तपासला. तो घट्ट होता.

"बरोबर आहे," तो विलासला म्हणाला.

तात्पर्य: ज्याच्या हातून कधीच चूक होत नाही असा कारागीर शोधत फिरू नये, तो मिळणार नाही. आपली चूक आपण होऊन सांगणारा मिळाला तर त्याला धरून राहावे, आणि संशय आलाच तर तो मनात न वाढवता जागेवर वाकून तपासावा.