राजाचा गळ आणि पाणमांजराचा गुन्हा

हिरडगडच्या गजसिंग राजांच्या गळाला वर्षभरात एकही रोहू लागला नाही, आणि त्याची शिक्षा मासे धरून पोट भरणाऱ्या ढीवरांच्या वाट्याला आली.

आता नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण आपल्या घरात म्हणतो. राजाला कोण म्हणणार? राजे मोठ्या तलावावर गळ टाकून बसत, तेव्हा मागे हत्ती झुलत असे. डाव्या अंगाला नगारा. उजव्या अंगाला आचारी कढई तापवून बसलेले, का, तर मासा लागलाच तर तळायला उशीर नको. छत्री धरायला दोन पहिलवान. शिवाय एक दरबारी कवी. तो पाण्याकडे तोंड करून राजांच्या पराक्रमाचे पवाडे खड्या आवाजात म्हणायचा. पराक्रम ऐकला की मासा आपणहून गळाला लागेल, अशी त्याची खात्री होती.

मासा काही आला नाही. एका सकाळी मात्र राजांना काठावरच्या चिखलात पाणमांजराची पावलं दिसली, शेजारी रोहूचं अर्धं डोकं. राजांच्या डोक्यावरून एक खंड्या चोचीत मासोळी धरून खुशाल निघून गेला. राजे पेटले. प्रधान नरहरपंतांनी लगेच री ओढली, की मासे महाराजांच्या दर्शनालाच निघतात, पण महाराज यायच्या आधी पहाटे हे चोर त्यांना वाटेत गाठतात.

झालं! ढीवरांचा म्होरक्या डोमा याला बोलावणं गेलं. हुकूम असा, की उद्यापासून आठ दिवस राजांच्या या काठावर पाणमांजर, बगळा, रानडुक्कर, काही म्हणता काही फिरकता कामा नये. चिखलात ठसासुद्धा दिसायला नको. आणि मारायचं नाही, सापळा लावायचा नाही, कारण तलाव देवीच्या नावाचा, तिथं रक्त सांडत नाहीत. (माशांचं रक्त देवीला चालतं, असं नरहरपंतांचं मत होतं.) एक जरी ठसा उमटला, तरी ढीवरांची जाळी या तलावात कायमची बंद.

डोमाच्या तोंडचं पाणी पळालं. पस्तीस घरं त्या तलावावर जगत होती, आणि जाळ्याशिवाय दुसरी विद्या कुणाला येत नव्हती. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. अख्ख्या रानाला कुंपण घालायचं तरी कसं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

त्याची थोरली लेक पार्बता जाळं सांधता सांधता ऐकत होती. तिला भीती नाही वाटली, रागच आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही कुठली रीत? ती रोज काठाकाठानं फिरून चिखल वाचणारी बाई. पाणमांजराचे ताजे ठसे असतील तिथं मासा हमखास असतो, हे बघूनच ढीवर जाळं टाकत. जिथं ठसा नाही, तिथं ते जाळं भिजवतसुद्धा नसत.

तिनं जाळं खाली ठेवलं आणि तडक दरबार गाठला.

"काम होईल महाराज," ती म्हणाली. "पण एक अट आहे."

नरहरपंत कडाडले. "ढीवराची पोर महाराजांना अट घालते?"

"महाराजांना नाही पंत, तुम्हाला घालते."

अट साधी होती. आठ दिवस, आठ रात्री काठावरून कुणी हलायचं नाही. हत्ती, नगारा, कढई, कवी आणि स्वतः पंत, सगळ्यांनी तिथंच मुक्काम ठोकायचा. राजे खूश झाले. त्यांच्या लवाजम्याची कदर करणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

मग जो दणका उडाला, तो विचारू नका. नगारा थांबेना. तिसऱ्या दिवशी कवीचा आवाज बसला, तरी तो घोगऱ्या गळ्यानं पवाडे रेटत राहिला. डासांनी पंतांचं नाक भोपळ्याएवढं केलं. रोज सकाळी राजांचा माग काढणारा पागी चिखल तपासायचा. पाचव्या दिवशी तो ओरडला, तेव्हा डोमा धावत आला. पण ठसा पंतांच्या कुत्र्याचा निघाला. बाकी एक पीसदेखील सापडलं नाही. खंड्यासुद्धा वळसा घालून जाऊ लागला.

नवव्या दिवशी राजांनी पार्बताला समोर उभं केलं.

"चोर गेले, कबूल. मग मासा कुठंय? आठ दिवसांत गळाला बेडूकसुद्धा लागला नाही!"

"महाराज, चोर हाकलायला मी काठीदेखील उचलली नाही. हे सगळं तुमच्या लवाजम्यानं केलं. ज्या गोंगाटाला पाणमांजर पळतं, त्यात मासा थांबेल का? आधी मासा गेला. मग त्याच्या मागोमाग खाणारे गेले."

"कुठं गेले?"

"समोरच्या काठाला, आमच्या झोपड्यांपुढं. बगळे, पाणकावळे, पाणमांजरं, सगळ्यांची पंगत बसलीये तिथं. आमची जाळी ओढायला माणसं कमी पडताहेत."

हिची जीभ छाटा, असं पंत म्हणाले. राजांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"म्हणजे मी खर्च करायचा आणि जाळी तुमची भरायची?"

"हो महाराज. म्हणून तर सांगायला आले. माझ्याबरोबर होडीत बसून पलीकडं चला. गळ घ्या, एकटे या आणि तोंड मिटून बसा."

राजांना असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणि या सगळ्यांना घरी पाठवू?"

"छे! यांना इथंच बसवा. नगारा वाजू द्या, पवाडे चालू द्या. हे इकडं आहेत, तोवर मासा तिकडं राहील."

राजांनी कवीकडे पाहिलं, पंतांच्या नाकाकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले. हसता हसता हातातलं सोन्याचं कडं त्यांनी पार्बताला दिलं. तलाव पिढ्यान् पिढ्या ढीवरांचा, असा ताम्रपट करायला तिथल्या तिथं सांगितलं. होडीत पाय टाकताना त्यांनी पंतांना शेवटचा हुकूम सोडला. नगारा आता पंतांनीच वाजवायचा, आणि तो थांबला, तर प्रधानकी गेली!