भगवंतरावांची एक नजर

आठवडी बाजार भरणारं एक गाव होतं. तिथे भगवंतराव कासार नावाचे गृहस्थ राहत. त्यांची ख्याती एकच, एका नजरेत पारख. बैल घ्यायचा असो की जावई करायचा असो, लोक त्यांना हातातलं काम सोडायला लावून सोबत नेत. भगवंतराव एकदा बघत, पान गालात सरकवत आणि म्हणत, "घ्या डोळे झाकून." आणि लोक खरोखरच डोळे झाकून घेत. आता बोला!

याच भगवंतरावांनी पेठेत कॉम्प्युटर सेंटर टाकलं होतं. सातबारा, दाखले, कॉलेजचे प्रवेश, गावाची सगळी कामं तिथेच होत.

एके दिवशी लिंबाजी गुरवाची प्रणाली तिथे धापा टाकत आली. बारावीला चांगले मार्क पडलेली गुणी पोर. तिला नर्स व्हायचं होतं. बापाने बजावलं होतं, "यंदा जागा मिळाली तर शीक. नाहीतर लग्नाला उभी राहा." आणि प्रवेशाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

कॉलेजची म्हणून एक लिंक गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होती. भगवंतरावांनी ती उघडली, तर पडदा लालभडक झाला. 'ही साइट फसवी असू शकते, पुढे जाऊ नका,' अशी ओळ आली.

"झालं याचं सुरू!" भगवंतराव करवादले. "या म्हाताऱ्या ब्राउझरला जिथं तिथं आडवं यायची खोडच आहे."

कुणीतरी तारीफ केली म्हणून त्यांनी एक नवा ब्राउझर आदल्याच दिवशी उतरवून ठेवला होता. तो त्यांनी आता पहिल्यांदा उघडला. उघडल्या उघडल्या त्याने 'नमस्कार, भगवंतराव' म्हटलं. मग हे चालेल का, ते चालेल का, असं नम्रपणे विचारलं. भगवंतराव न वाचता 'हो, हो' दाबत गेले. नंतर त्यांनी तीच लिंक टाकली. चुटकीसरशी पान उघडलं. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

"वा रे पठ्ठ्या! दिसायला देखणा, पायाने चपळ आणि उलट उत्तर नाही. हा खरा ब्राउझर!"

प्रणाली चाचरत म्हणाली, "पण काका, जुना नको म्हणत होता ना? कॉलेजला एक फोन लावून बघू का?"

"अगं, मी बघितलंय ना? मग कशाला फोन?"

पोरीने मार्कशीट पुढे केली. भगवंतरावांनी तिची माहिती भरली आणि जुना ब्राउझर तिच्यादेखत काढून टाकला. पडद्यावर 'अभिनंदन' आलं. लिंबाजीने पेढे वाटले. पहिला पेढा अर्थातच भगवंतरावांना.

पुढच्या आठवड्यात बापलेक पत्र्याची पेटी घेऊन कॉलेजात पोहोचले. तिथल्या बाईंनी 'अभिनंदन'चा छापील कागद उलटसुलट बघितला. "ही साइट आमची नाहीच. तुम्हाला फसवलंय कुणीतरी. आता मुदत गेली, बाळ. पुढच्या वर्षी ये." प्रणालीने बापाकडे बघितलं. बापाने पेटी उचलली आणि तो एसटी स्टँडकडे चालू लागला.

भगवंतरावांना हे कळलं. वाईट वाटलं म्हणता? छे! "ब्राउझरच नालायक निघाला," ते म्हणाले. "मी काय त्याच्या पोटात शिरून बघणार?" संध्याकाळपर्यंत त्यांनी तिसरा ब्राउझर आणला होता. तो म्हणे याहून देखणा. गावाने माना डोलावल्या. त्या गावाला लाज नव्हतीच.

दिवाळीनंतर प्रणालीला बघायला पाहुणे आले. लिंबाजीने भगवंतरावांना मुद्दाम बोलावून पुढे बसवलं होतं. त्यांनी मुलाकडे एकदा बघितलं आणि पान गालात सरकवलं.

"पोरगा हिरा आहे, लिंबाजी. दे डोळे झाकून."

प्रणाली पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, ब्राउझर बघूनही तुम्ही असंच म्हणाला होतात."

मग कुणीतरी पोह्यांवर लिंबू मागितलं आणि लोक मुहूर्ताचं बोलू लागले.

तात्पर्य: आपल्याला कधीच न अडवणारा पहिल्या भेटीत फार गोड वाटतो, पण उतावळ्या पारख्याची चूक त्याला स्वतःला भोवत नाही, ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला ती जन्मभर भोगावी लागते.