मास्तरांच्या सात कॅसेटी

एकदा एका गिटारवादकाला डॉक्टरांनी सांगितलं, की त्याच्या डाव्या हाताच्या नसा क्षीण होत चालल्या आहेत. औषधांनी वेग कमी होईल, आजार मागे फिरणार नाही. आधी करंगळी जाईल, मग अनामिका. वाजवण्याजोगं फार तर एक वर्ष आहे.

तो मार्च महिना होता. पंचवीस वर्षं हा माणूस लग्नांत, गणेशोत्सवात, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवत आला होता. फर्माईश येईल ते हुबेहूब वाजवायचं, हा त्याचा लौकिक. स्वतःच्या पाच चाली मात्र त्याने कधी कुणासमोर पूर्ण वाजवल्या नव्हत्या. त्यातली एक फार हळुवार, लेकीच्या जन्माच्या वेळी सुचलेली. एक रांगडी, एक नाचरी, उरलेल्या दोन कुठेतरी मधल्या. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता लेक अठरा वर्षांची झाली होती. आता त्याने पक्कं ठरवलं, की हात आहे तोवर या पाचही चाली ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या.

निश्चय उत्तम होता. पण गिटार एकच होती आणि चाली पाच स्वभावांच्या. त्याच्या मनाने घेतलं, की या एका गिटारीतून पाचही गळे निघाले पाहिजेत, आणि ते काम पिकअपचं.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक चपटी पट्टी असते, तो पिकअप. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेची थरथर तो टिपतो आणि स्पीकरकडे धाडतो. वेढे वाढवले की आवाज भरदार होतो, पण त्याची चकाकी उतरते. वेढे कमी केले की चकाकी येते, पण आवाज किरटा होतो. दोन गुंडाळ्या जोडल्या तर मागची भुणभुण थांबते, पण तिच्याबरोबर थोडा मोकळेपणाही जातो. म्हणजे एक हाती घ्यावं तर दुसरं निसटणार. शहाण्या माणसाने यातलं एक पत्करून कामाला लागावं. आपला हा वादक शहाणा होता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला निवड करत बसण्यात फार आधार वाटतो.

तो आपल्या जुन्या गुरूकडे गेला. सोळाव्या वर्षी त्याच्या हाती पहिली गिटार यांनीच दिली होती. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऐंशीच्या घरातले, एकटे, एका जिन्याखालच्या खोलीत शिवणयंत्राच्या मोटरवर हाताने पिकअप गुंडाळत बसलेले. आजाराबद्दल शिष्याने चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, एकच गिटार आहे. तिच्यातून सगळं निघेल असा पिकअप करून द्या."

"सगळं?" मास्तर म्हणाले. "बघू या."

मास्तरांची एक सवय होती. पिकअप कुठलाही असो, वादकाकडून एक ओळ वाजवून घ्यायची आणि जुन्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवायची. प्रत्येक पिकअपची वेगळी कॅसेट, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर वेढ्यांचा आकडा आणि तारीख. एप्रिलमध्ये त्यांनी आधी गिटारच्या मूळ पिकअपची ओळ भरून घेतली. शिष्याने लेकीच्या चालीची पहिली ओळ वाजवली. मग मेमध्ये नवा पिकअप आला, त्यावर तीच ओळ. आवाज छान, पण रांगड्या चालीला पुरेना. जुलैत दुसरा आला, तो रांगड्याला पुरला, पण हळुवार चाल त्याच्यात गुदमरली. ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर. दर वेळी वाटे, आता जमलंच. दर वेळी काहीतरी उणं निघे.

घरी बायको विचारायची, "आज वाजवलंत का काही?"

"आवाज सापडू दे गं," तो म्हणायचा. "आवाज सापडला की पाचही चाली चार दिवसांत उरकतो."

तिने पुढे विचारणं सोडून दिलं. हात वाईट दिसू लागला होता आणि दोघंही त्याविषयी बोलत नव्हती.

जानेवारीतल्या एका दुपारी तो आठव्या पिकअपची कल्पना घेऊन आला. जुळी गुंडाळी, आणि बटण ओढलं की तिच्यातली एकच चालू राहील, असा. हाच शेवटचा, असं तो म्हणाला. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून त्याच्या सातही कॅसेटी काढल्या, चिठ्ठ्यांची बाजू खाली करून पत्त्यांसारख्या पिसल्या आणि टेबलावर मांडल्या.

"आधी हे कर. एकेक ऐक, आणि सगळ्यात चांगल्यापासून सगळ्यात वाईटापर्यंत ओळीने लाव. चिठ्ठी बघायची नाही."

शिष्याला हे चमत्कारिक वाटलं, पण गुरूची आज्ञा होती आणि परीक्षा त्याच्या आवडत्या विषयाची होती. तो खुशीत कान देऊन बसला. एक कॅसेट ऐकून त्याचा चेहरा उजळला. "हा! हा खरा पिकअप. काय स्वच्छ, काय गोलाई! मास्तर, हा आपण सोडला कसा?" ती त्याने सर्वांत आधी ठेवली. दुसऱ्या एकीला म्हणाला, "यात वेढे जास्त झालेत, सूर जरा उशिरा उमलतो." आणखी एकीला म्हणाला, "चुंबक मंद आहे. तिसऱ्या सुराला दम राहत नाही." शेवटची तर त्याने अर्ध्यातच थांबवली. "हा टाकाऊच. सूर घसरतात यात."

सात कॅसेटींची रांग लागली. मास्तर म्हणाले, "आता उलटव."

त्याने पहिली उलटवली. एप्रिल. गिटारचा मूळ पिकअप, ज्याला कुणी हातही लावला नव्हता. दुसरी, मे. तिसरी, ऑगस्ट. चौथी, जुलै. मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर. टाकाऊ म्हणून बाजूला सारलेली, डिसेंबर.

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याने डावा हात टेबलाखाली घेतला.

"एवढी एकच अदलाबदल," मास्तर म्हणाले. "ऑगस्टमध्ये हात थोडा मोकळा असेल तुझा." त्यांनी रांगेवरून बोट फिरवलं. "अरे, तू पिकअप नाही लावलेस ओळीने. महिने लावलेस. हे सातही पिकअप चांगले आहेत. कुठलाही चालला असता. मूळचासुद्धा."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाचव्या कॅसेटपासून. विचारलं नाही मी. विचारलं असतं, तर तू यायचा थांबला असतास. या खोलीत दुसरं कोण येतं? तुला आवाज शोधायचा होता आणि मला सोबत हवी होती. दोघांनी मिळून तुझं वर्ष गुंडाळून टाकलं. गुरू म्हणून मी हे करायला नको होतं."

शिष्याला राग यायला हवा होता. आला नाही. राग धरण्याइतकासुद्धा वेळ आपल्यापाशी नाही, एवढंच त्याला त्या घडीला दिसत होतं, आणि ते फार भयंकर होतं.

"दहा महिने मी या चालीची पहिली ओळ ऐकतोय," मास्तर म्हणाले. "दुसरी कधी ऐकली नाही. कशी आहे ती?"

त्याने गिटार घेतली. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसरी ओळ करंगळीवर उभी होती. लांबच्या सुरावर करंगळी टेकवायची आणि तिथून हळूच खाली यायचं, हाच त्या चालीचा प्राण होता. करंगळी तारेपर्यंत गेली आणि तिथेच पडून राहिली. त्याने पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. तार नुसती खरखरली.

"इथून ती खाली येते," तो म्हणाला. "फार सुंदर येते हो, मास्तर." आणि तो रडू लागला.

मास्तरांनी सांत्वन केलं नाही. सगळं ठीक होईल, असं ते म्हणाले नाहीत, कारण ते होणार नव्हतं. त्यांनी टेपरेकॉर्डरमध्ये आठवी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि म्हणाले, "जेवढं येतं तेवढं."

शिष्याने डोळे पुसले आणि वाजवलं. पहिली ओळ, आणि दुसरीचे चार सूर. पुढे त्याने उजव्या हाताने तारा झाकल्या. मूळ पिकअप असता तर बरं वाजलं असतं की नाही, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही.

मास्तरांनी कॅसेट काढली, चिठ्ठी चिकटवली. सवयीने वेढ्यांचा आकडा लिहायला पेन टेकवलं, मग उचललं.

"या चालीला नाव काय रे?"

"शाल्मली," तो म्हणाला. "लेकीचं."

मास्तरांनी ते जपून लिहिलं. मग थोडी जागा सोडून, खाली, लिहिलं: अर्धी.