फडक्यावरचे निळे तंतू

फार पूर्वीची नाही, अलीकडचीच गोष्ट. नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा दोर वळणारा राहत होता. त्याच्या अंबाडीच्या दोरांना सगळीकडून मागणी. पण अंबाडी कुजवायची, सोलायची, वाळवायची, यात महिना जाई. मग त्याला प्लॅस्टिकच्या जुन्या निळ्या पोत्यांची युक्ती सापडली. पोती उसवायची, नदीतल्या दगडावर घासून मऊ करायची, की दोन दिवसांत दोर तयार! घासताना केसाहून बारीक तुकडे पाण्यात जात. "एवढ्याशानं नदीला काय होतंय?" असं म्हणून तो कामाला लागे.

त्याचा दगड वरच्या अंगाला, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या झाडीआड होता आणि गावाचा पाणवठा खालच्या अंगाला.

एका उन्हाळ्यात धार अगदी बारीक झाली. बायका हंड्यावर फडकं बांधून पाणी गाळू लागल्या, तर फडक्यावर निळे तंतू! लेकरांच्या पोटात हे कधीपासून जातंय, या विचारानं गाव हादरलं. वरच्या अंगाला तान्हाबाई नावाची एकटी म्हातारी जुनी लुगडी धुऊन गोधड्या शिवायची. सगळ्यांचा संशय तिच्यावर गेला.

पारावर सभा भरली. पाटील म्हणाले, "तान्हाबाई, उद्यापासून नदीवर यायचं नाही."

"अहो, माझं सगळं सुती कापड. हे माझं नाही," ती कळवळून म्हणाली. "धुतल्याशिवाय शिवू काय नि खाऊ काय?"

कोणी ऐकेना. फडकं हातोहात फिरत मागे बसलेल्या केरबापाशी आलं. त्यानं एक तंतू चिमटीत धरून चोळून पाहिला. रोज बोटांना लागणारा तंतू तो ओळखणार नाही? गप्प बसला असता तर कोणाला संशयही आला नसता. तेवढ्यात तान्हाबाई डोळ्यांना पदर लावून उठली.

"थांब मावशी," केरबा उभा राहिला. "हे माझं आहे."

त्यानं काडेपेटी मागितली. तान्हाबाईच्या काखेतल्या गोधडीचा दोरा पेटवला, त्याची राख झाली. निळा तंतू पेटवला, तो आक्रसून काळा मणी झाला. "पोती मीच घासतो. वाटलं होतं, वाहून जाईल. ते तुमच्या हंड्यात गेलं."

एकच गलका झाला. पाटलांनी हात वर करून तो थांबवला आणि आधी तान्हाबाईची माफी मागितली.

"आजपासून पोत्याला हात लावणार नाही," केरबा म्हणाला. "पण अंबाडी हाताशी यायला महिना लागेल, तोवर काय करू?"

"तोवर माझ्या गोधड्यांना दोरा भर," तान्हाबाई म्हणाली. "बोटं तर चांगली चालतात तुझी!"

पारावर हशा पिकला. केरबालाही हसू आलं.

गावानं मिळून काठावरच्या पोत्यांच्या चिंध्या वेचल्या. केरबानं अंबाडी कुजवायला पाणवठ्यापासून लांब खड्डा खणला. वाळूत रुतलेले कण काही वेचता येईनात, म्हणून पाणी गाळणं कोणी सोडलं नाही. पण तंतू दिवसेंदिवस कमी होत गेले.

महिन्याभरानं पाटलांच्या सुनेनं हंडा भरला, फडकं उन्हात धरून पाहिलं, एकही तंतू दिसला नाही, तेव्हा कडेवरच्या बाळाला निर्धास्तपणे ओंजळभर पाणी पाजलं. काठावर अंबाडी सोलत बसलेला केरबा ते बघत राहिला. बाळ आणखी मागत होतं.

तात्पर्य: पाण्यात आपण सोडलेलं कितीही बारीक असलं तरी ते कोणाच्या तरी घशाखाली जातं, आणि चूक कळताच कबूल करणाऱ्यालाच ती थांबवता येते.